तुझ्या काठेवाडणीचं गाव

आई, तुझ्या त्या काठेवाडणीचं गाव मला सापडत नाहीये. गेले तीन आठवडे मी शोधते आहे. मोबाइलवर नकाशा मोठा करून बघते, लहान करून बघते आणि शेवटी चष्मा काढून टेबलावर आपटते. एवढी वर्षं ती बाई मेंढ्या घेऊन आपल्या वावरात येत होती, आपल्या चुलीजवळ बसून तुझ्याशी तासन्‌तास बोलत होती, आणि तू तिला एकदाही गावाचं नाव विचारलं नाहीस? मला तुझा राग आलाय. तू जाऊन चौदा वर्षं झाली, आता राग करून काय उपयोग, असं माझा नवरा म्हणतो. तो शांत माणूस आहे, त्यामुळे माझं डोकं आणखी तापतं.

आम्ही चौघं कच्छला निघालोय. मी, नवरा, भाऊ आणि वहिनी. भावाने यंदा नवी मोठी गाडी घेतली आणि ती फुलसावंगी ते महागाव एवढीच फिरते म्हणून तो हळहळत होता. तेव्हा मीच म्हटलं, चला, लांब जाऊ. जायला दोन दिवस, यायला दोन दिवस आणि मधले सहा दिवस त्या वाळवंटात फिरायचं. पांढरं रण, भुज, भरतकाम करणाऱ्यांची गावं, समुद्राकाठचा तो ओसाड किल्ला. बाकी सगळं मी त्यांच्यावर सोडलंय. मला फक्त एक मुक्काम माझ्या मनासारखा हवाय. तुझ्या मैत्रिणीचं गाव. तू जन्मभर ‘एक डाव जाऊन येईन’ म्हणत राहिलीस आणि गेली नाहीस, तर मी तिथे जाऊन अर्धा तास उभी राहीन आणि परत येईन. एवढंच. पण नावाशिवाय कुठे जाऊन उभी राहू?

बाकीचं नियोजन म्हणजे काय असतं ते तुला कळायचं नाही, आणि बरंच आहे. आमचा एक ग्रुप आहे, ‘चलो कच्छ’ नावाचा. भाऊ टाइप करत नाही, बोलून पाठवतो. मी कॉलेजच्या ऑफिसात परीक्षाअर्जांच्या ढिगात बसलेली असते आणि तिकडून त्याचा आवाज येतो, “बाई, पुनवेच्या राती रण चांदीवानी दिसते म्हनते. पुनवेचंच बुकिंग पाह्य.” पौर्णिमेचं बुकिंग सगळ्या देशालाच हवंय. मी कसंबसं मिळवलं, तर दुसऱ्या दिवशी त्याचाच निरोप, “पुनवेले नाही जमत बावा. वेचाले बाया भेटून नाही राह्यल्या. कापूस झाडावर ठेवून येऊ काय?” मी बुकिंग रद्द केलं. मग वहिनी म्हणाली, तंबूत राहायचं तर तंबूला संडास जोडून पाहिजे, आणि एवढ्या दूर जातोच आहोत तर सोमनाथ करून घेऊ. सोमनाथ वाटेवर नाही, हे मी तिला तीन वेळा सांगितलं. चौथ्यांदा नवऱ्याने सांगितलं तर तिला लगेच पटलं. नवऱ्याचं स्वतःचं म्हणणं एकच, की दर दोन तासांनी गाडी थांबवायची आणि चहा प्यायचा. मी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर दिवसवार तक्ता केलाय, सकाळ, दुपार, मुक्काम अशी घरं पाडून. आतापर्यंत अकरा वेळा बदलला. प्रत्येक वेळी पाचव्या दिवसाचं घर तेवढं मी रिकामं ठेवते, आणि प्रत्येक वेळी भाऊ विचारतो, “पाचव्या दिवशी काय हाय?” मी म्हणते, आहे काहीतरी.

त्यातून मूर्खपणा माझाच. पहिला तक्ता मी केला तो सगळाच्या सगळा काठेवाडचा. राजकोट, जुनागड, भावनगर. का, तर आपण तिला काठेवाडीण म्हणायचो. अख्खा जिल्हा म्हणतो. उंट, मेंढ्या, काळे घागरे दिसले की, “काठेवाडी आले.” वहिनी खूश होती, कारण त्यात सोमनाथ बसत होतं. मग आमच्या गल्लीतल्या गुजराती कापडवाल्याला मी तो कागद दाखवला, तर तो हसायलाच लागला. म्हणाला, “बेन, तुमच्या वावरात मेंढ्या बसवतात ते कच्छचे रबारी. काठेवाड वेगळा, कच्छ वेगळा. माझी तिसरी पिढी यवतमाळात आहे, पण तुम्ही लोक अजून आम्हाला सगळ्यांना एकाच पोत्यात भरता.” मी कागद घडी करून पर्समध्ये टाकला. पन्नाशी उलटून गेली माझी, आणि ज्या बाईला मी मावशी म्हणायचे तिचा मुलूख कोणता, हेही मला धड माहीत नव्हतं.

तुला आठवतं का ते तिच्या चहाचं? मी नववीत होते. कपाशीची शेवटची वेचणी होऊन उलंगवाडी झाली होती आणि मावशीचा डेरा आपल्या नदीकडच्या वावरात उतरला होता. आठ रात्री मेंढ्या बसायच्या, वावराला खत व्हायचं, आणि त्या बदल्यात तू ज्वारी द्यायचीस. सकाळी ती उंटिणीचं दूध घेऊन घरी आली आणि तू त्याचाच चहा केलास. पातळ, जरा खारट. आजीने तर हातसुद्धा लावला नाही. मी कप घेऊन मागच्या दाराने गोठ्याकडे गेले आणि मातीत ओतून दिला. वळून बघते तर तू उभी. मला वाटलं मारशील. मारलं नाहीस. “पिल्लाच्या तोंडचं काढून आनलं तिनं, अन् तू मातीत ओततं? जा. भाकरी घेऊन डेऱ्यावर जा. तिच्या हातचा चहा तिच्यासमोर पी अन् मंगच घरात पाय ठेव.” मी रडत रडत गेले. कापलेल्या तुरीचे खुंट चपलेतून टोचत होते. मावशीला काहीच माहीत नव्हतं. तिने मला खाटेवर बसवलं, मांडीवर एक कोकरू ठेवलं, चहा दिला आणि तिच्या मुलखाच्या गोष्टी सांगायला लागली. तिकडे जमीन पांढरी असते आणि उन्हात डोळे उघडवत नाहीत. घरं गोल असतात आणि भिंतींत आरसे बसवतात, त्यामुळे एक दिवा लावला तरी घर भरून जातं. सगळ्या जमातीची लग्नं एकाच दिवशी लागतात. आडोशाला झाड नाही, म्हणून बाया उजाडायच्या आत बाहेर जाऊन येतात. मी दोन कप चहा प्यायले. घरी आल्यावर तू विचारलंस, “काय सांगतलं तिनं?” आणि मी सांगितलेलं सगळं, जे तू आधी दहा वेळा ऐकलेलं असणार, ते पुन्हा ऐकत बसलीस. भाजी करपली त्या दिवशी.

आणखी एक दिवस मला आठवावासा वाटत नाही, पण आठवतो. नोकरी लागून सात-आठ वर्षं झाली होती. मला प्रवासाची सवलत मिळाली होती आणि मी सासू-सासऱ्यांना घेऊन उटीला निघाले होते. तू यवतमाळला आलेली होतीस, मी कपड्यांच्या घड्या करत होते. तू माझी एक घडी उचलून पुन्हा सारखी केलीस. मग म्हणालीस, “तुमच्या त्या वाटेनं काठेवाडणीच्या गावाकडं जाता येते काय? आमी दोघी मांगच्या सीटवर बसू. काई त्रास नाही देत.” मी हसले. म्हटलं, आई, उटी खाली आहे, ते वर आहे, एकदम उलट्या दिशेला. तू नकाशा दाखव म्हणालीस. मी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागचा भारताचा नकाशा दाखवला आणि गुजरातवर कुठेतरी बोट ठेवलं. तू तिथे बराच वेळ बघत राहिलीस. “दिसाले तं जवळच हाय,” म्हणालीस. मी म्हटलं, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी मला मूल झालं, त्याच्या पुढच्या वर्षी भावाचं लग्न, मग बाबांचं आजारपण, मग तुझं. तू दर उन्हाळ्यात तिला काय सांगत होतीस, ते मला माहीत आहे. “पाहू, पुढच्या सालाले.”

तर हे सगळं असं साचलेलं, आणि त्यात भावाने परवा विचारलं, “बाई, त्या मेंढ्यावाल्या बाईचं गाव पाह्याले आपन एक दिवस कायले बरबाद करून राह्यलो? ते बाई मेली असन एव्हाना.” मी फोनवर त्याच्याशी भांडले. तू गेल्यावर त्याने वावराला तारेचं कुंपण घातलं, ठिबक आणलं, मेंढ्या बसवणं बंद केलं. ते त्याचं शेत आहे, त्याने काय करायचं ते त्याने ठरवावं. पण त्या कुंपणाबरोबर मावशीचाही ठावठिकाणा गेला, हे त्याच्या लक्षातच आलेलं नाही. मी त्याला म्हटलं, तुला आईचं काही पडलंच नव्हतं. हे खरं नाही. शेवटचे चार महिने त्यानेच तुझं सगळं केलं, मी रविवारी येऊन जायचे. त्याने फोन ठेवला. वहिनीचा निरोप आला की तंबूचं काय झालं.

ऑफिसातली एक मुलगी कळंबहून येते. तिला सहज म्हटलं, तर ती म्हणाली, चिंतामणीच्या देवळापासून पुढे, नदीच्या अंगाला काठेवाडींचा डेरा उतरलाय. मी रविवारी नवऱ्याला गाडी काढायला लावली. मला फक्त गावाचं नाव हवं होतं. कुणीही रबारी भेटला तरी विचारायचं, फुलसावंगीला यायची ती बाई कोणत्या गावची, आणि पाचव्या दिवसाचं घर भरून टाकायचं. डेऱ्यावर कुत्री अंगावर आली. खाटा, गोधड्या, जाळीच्या पिशवीतून मुंडकं बाहेर काढलेली कोकरं, सगळं तसंच होतं. नवीन काय, तर एका बसलेल्या उंटाच्या पाठीवर सौरऊर्जेची पाटी बांधलेली आणि तिला चार मोबाइल जोडलेले. टी-शर्ट घातलेला एक तरुण पुढे आला. मी फुलसावंगीचं नाव काढलं, तर तो म्हणाला, “आजी तं हेच हाय ना,” आणि त्याने बाभळीखालच्या खाटेकडे बोट दाखवलं.

ती जिवंत आहे, आई. तुझ्यापेक्षा मोठी असेल असं मला वाटायचं, ती लहान निघाली. दात गेलेत, हातावरचं गोंदण सुरकुत्यांत बुडालंय. मी जवळ गेले तर माझ्याकडे न बघता नवऱ्याला म्हणाली, “खत पाह्यजे का भाऊ?” मी म्हटलं, मावशी, मी फुलसावंगीची. नदीकडच्या वावरातली. तिने डोळे बारीक केले. “बाईची पोरगी? चहा ओतनारी?” म्हणजे तिला माहीत होतं. एवढी वर्षं माहीत होतं. मला हसूही आलं आणि तोंड लपवावंसंही वाटलं. मी सांगायला लागले की आई गेली, तर तिने हाताने थांबवलं. “मले मालूम हाय. त्याच साली आलतो आमी. तुह्या भावानं फाटकातूनच सांगतलं, मेंढ्या बसवाच्या नाही, अन् माय बी नाही. दोन्ही एकाच दमात.” मग म्हणाली, “रडून राह्यला होता तो. म्हनून मी काई बोलली नाही.” हे भावाने मला कधी सांगितलं नाही. मी त्याला फोनवर काय काय बोलले!

चहा आला. मी पूर्ण प्यायले, ती माझ्या कपाकडे बघत होती. मग मी फोन काढला, नकाशा उघडला आणि म्हटलं, मावशी, आम्ही कच्छला जातोय. गाडीने. तुमच्या गावाला जाऊन यायचंय, आईसाठी. नाव सांगा. “माह्यं गाव?” तिने नातवाकडे बघितलं, तो हसला. “पोरी, मी तं इथंच जल्मली, कळंबच्या रानात. माह्या मायले बी कच्छ ठाऊक नव्हतं. सासूनं लहानपनी पाह्यलं होतं, थे सांगे. तेच मी तुह्या मायले सांगो.”

मी म्हटलं, पण ती पांढरी जमीन? गोल घरं? आरसे? “सासू सांगे,” ती म्हणाली. खरं सांगते, मला तिचाही राग आला. इतकी वर्षं आम्हाला ऐकीव गोष्टी सांगितल्या हिने! आणि तुझी दया आली, की तू त्या खऱ्या मानून चुलीपुढे बसून राहायचीस. मी जरा कडक आवाजातच विचारलं, आईला हे माहीत होतं का? तर ती म्हणाली, “माहीत नसाले काय झालं? पयल्याच साली सांगतलं मी तिले. म्हनूनच तं ते म्हने ना, आपन दोघी जाऊ. म्हने, तुह्या सासूनं पाह्यलं अन् तू नाही पाह्यलं, हे काई बरं नाही. मी नेतो तुले.”

आई, मी तीन आठवडे तुला दोष देत होते की तू नाव विचारलं नाहीस. विचारण्यासारखं नावच नव्हतं. आणि उटीच्या वेळी तू म्हणालीस, ‘आमी दोघी मांगच्या सीटवर बसू’, तेव्हा मला वाटलं होतं की ती तुला तिचं गाव दाखवणार आहे. तू तिला दाखवणार होतीस. महागावच्या पलीकडे कधी एकटी न गेलेली तू! मला हे कधी विचारावंसंही वाटलं नाही. मी घड्या करत होते.

ती नकाशावर वाकून बघत होती. मी पांढऱ्या रणाचे फोटो दाखवले. एकेक फोटो तिने नातवाला वाचायला लावला, खाली काय लिहिलंय म्हणून. मग फोन माझ्या हातात देत म्हणाली, “किती दिस लागते गाडीनं?” मी म्हटलं, दोन. “दोनच?” उंटाच्या चालीने तिने काय हिशेब केला कोण जाणे. नवरा उठून कुत्र्यांपासून लांब, गाडीजवळ जाऊन उभा राहिला होता. मग ती माझ्याकडे न बघता, खाटेचा सुंभ बोटाने ओढत म्हणाली, “मी बसतो अजून गाडीत. मागं पोरानं नागपूरले नेलतं दवाखान्यात, उलटी बी नाही झाली मले.”

मला ऐकू आलं नाही असं नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढे एका क्षणात सगळं आलं, वहिनीचं तोंड, जोडून असलेला संडास, सहा दिवस हिला कुठे झोपवायचं, हिला काही झालं तर काय करायचं, आणि अकरा वेळा बदललेला तक्ता. तुझी आठवण त्या वेळी अजिबात आली नाही. ती नंतर आली, घरी आल्यावर, हात धुताना.

पाचव्या दिवशी मी भरतकामाचं एक गाव लिहून टाकलं आणि तक्ता ग्रुपवर पाठवला. भावाने लगेच अंगठा पाठवला. वहिनीनेही पाठवला. सगळं एकदाचं ठरलं. येत्या शनिवारी पहाटे निघायचंय. कालपासून भावाला फोन करायचा म्हणते आहे, त्याची माफी मागायची म्हणते आहे, तेही केलेलं नाही. हे पत्र मी ऑफिसात बसून, रोज थोडं थोडं, अर्जांच्या पाठकोऱ्या कागदांवर लिहिलंय. ते कुठे पाठवायचं नाहीये म्हणूनच लिहिता आलं.

मी मावशीला म्हटलं, गाडी भरलीय. आई, गाडी सात जणांची आहे.